शमाच्या अंगातलं लोह

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, शिरा राहतात. भाजीला गेले की समोरून कुणीतरी हसत येतं, "ओळखलं न्हाईसा व्हय?" म्हणतं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून कोपराच्या खोबणीत बघते. शीर दिसली की नाव आठवतं. एकदा माझ्या चुलत जावेच्या भावाला मी असंच ओळखलं. तो बिचारा अजून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आमच्याकडे येतो.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर एक लॅब आहे. तिथं मी एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. लोक विचारायचे, तुम्ही डॉक्टर का? नाही. नर्स? नाही. मग? मग मी टेक्निशियन. आमचे हे म्हणायचे, घरात दोन प्रकारचे डास आहेत, एकाला मच्छरदाणी चालते, दुसरा सकाळी डबा घेऊन कामाला जातो. काम तसं साधं. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची, नळी भरली की सुई काढून कापूस दाबायचा आणि म्हणायचं, "दुखलं का?" हे शेवटचं मी प्रत्येकाला म्हणत आले. उत्तर येईपर्यंत माझं लक्ष नळीवर नाव चिकटवण्यात गेलेलं असायचं.

सुई मारायला महिन्याभरात येते. चिठ्ठी नीट भरायला मात्र फार वर्षं लागतात. रक्तासोबत जी चिठ्ठी आत जाते ना, तिच्यात माणूस काय खाऊन आला, ताप होता का, कुठली औषधं चालू आहेत, बाईमाणूस असेल तर पाळी कधी आली, हे सगळं लिहायचं असतं. आतल्या मशीनला यातलं काही दिसत नाही. मशीन आकडा देतं. त्या आकड्याचा अर्थ चिठ्ठीवरून लावायचा असतो. हे मला शिकवलेलं होतं. पाठही होतं. तरीही मी चुकले, आणि ती चूक आज सांगायला बसले आहे.

कोल्हापुरात लॅब म्हटल्यावर पैलवान येणारच. शंभर किलोचा गडी, मान म्हणून दिसत नाही, नुसते खांदेच; पण सुई बघितली की भिंतीकडे तोंड करून आईला हाक मारणार. एकजण तर खुर्चीसकट खाली आला होता. त्याला उचलायला खालच्या दुकानातून तीन माणसं बोलवावी लागली, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला? "तालमीत सांगू नगासा." मी आजवर सांगितलेलं नाही. आजही नाव सांगत नाही.

या व्यायाम करणाऱ्या लोकांच्या रक्तात एक गंमत असते. ती मला कळली पेठ वडगावच्या संदीपमुळे. पोलीस भरतीसाठी पळणारा पोरगा. पळायला सुरुवात करण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन चौदाच्या वर होतं. सहा महिन्यांनी परत तपासलं तर एकानं कमी. आई सोबत आली होती, तिचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, रोज पळतोय. दूध, अंडी समदं चालू हाय. खाऊन-पिऊन रक्त कमी कसं झालं?" संदीप म्हणाला.

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बसवून समजावलं. लोह अंगात दोन ठिकाणी असतं. काही लोह तांबड्या पेशींमध्ये कामावर असतं; ते सगळीकडे प्राणवायू पोचवतं, आणि त्याचा अंदाज हिमोग्लोबिनवरून येतो. बाकीचं कणगीत भरून ठेवलेल्या धान्यासारखं साठ्यात असतं, त्याचा अंदाज फेरिटिन नावाच्या तपासणीवरून येतो. संदीपची कणगी भरलेली होती. मग हिमोग्लोबिन का उतरलं? तर रोज पळणाऱ्या माणसाच्या अंगातलं रक्ताचं पाणी वाढतं. पेशी तेवढ्याच, पण पातळ झाल्यामुळे आकडा कमी दिसतो. हा आजार नव्हे, शरीरानं पळण्यासाठी केलेली सोय.

त्या माउलीच्या डोक्यात हे शिरेना. मग मी म्हटलं, "आठ माणसांचं मटण शिजवलंत आणि आयत्या वेळी चार पावणे आले, तर काय करता?"

"रस्सा वाढवतो की."

"मग वाटीत फोडी कमी येतात. पण पातेल्यातल्या कमी झाल्या का?"

ती माउली हसली, पोरगा हसला, डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. संदीप भरती झाला. आता कधी चौकात उभा दिसला की मला सलाम ठोकतो आणि गाड्या माझ्यासाठी थांबवतो. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू. आणि त्या रस्स्याच्या गोष्टीचा तर मला इतका अभिमान झाला की कुणाही खेळाडूचं रक्त जरा कमी आलं की मी काउंटरवरच सांगून मोकळी व्हायचे, "काही नाही, रस्सा वाढलाय." रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नव्हतं. ते डॉक्टरांचं. पण कौतुकाची सवय लागली की माणूस आपली खुर्ची विसरतो.

अशा दिवसांत शमा आली.

सतरा वर्षांची पोर, शिरोळची. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. घरात कुस्ती कुणी केलेली नाही, पण पोरीला नाद लागला आणि बापानं तिला कोल्हापुरात एका तालमीत घातलं. राहायला मावशीकडं. तालमीचे वस्ताद दत्तू आण्णा स्वतः तिला घेऊन आले होते, सकाळची मेहनत संपवून थेट. पोरीच्या केसात अजून माती होती.

"ताई, हिचं रक्त बघा जरा," वस्ताद म्हणाले. "दोन म्हैने झालं, चार मिंटात हिचा दम जातोय. आदी पोरांला दमवत हुती. निवड चाचणी तोंडावर आलीया."

मी चिठ्ठी पुढे ओढली. ताप? मी वस्तादांकडे बघून विचारलं.

"कशाचा ताप? धडधाकट हाय."

मी लिहिलं, नाही. औषधं? नाही. पाळीचा रकाना वस्तादांसमोर कसा विचारायचा, म्हणून रेघ ओढली. ज्या पोरीच्या दंडातून रक्त काढायचं होतं, तिला मी एक शब्द विचारला नाही. सुई काढल्यावर सवयीनं "दुखलं का?" म्हटलं आणि नळीवर नाव चिकटवलं.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन जरासं कमी. पेशींचा आकार काठावर. फेरिटिन मात्र ठीक. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी बघितली, ताप नाही, म्हणजे फेरिटिनवर विश्वास ठेवायला हरकत नाही. संध्याकाळी वस्ताद रिपोर्ट न्यायला आले आणि मी काउंटरवरून माझी गोष्ट सांगितली. रस्सा वाढलाय, फोडी तेवढ्याच आहेत.

"म्हंजे रोग न्हाय?"

"दिसत तरी नाही."

"मग अंगचोर हाय पोरगी," वस्ताद म्हणाले. रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

तालमीत अंगचोर हा शब्द साधा नाही. पडलेल्याला तालमीत मान असतो, हरलेल्याला असतो, पण जो अंग राखून खेळतो त्याला नसतो. शमाला त्या दिवसापासून हे नाव पडलं, आणि ते माझ्या रिपोर्टाच्या जोरावर पडलं. तिची मेहनतही वाढवली गेली. जास्त जोर, जास्त बैठका, पहाटे रस्त्यावर पळणं. हे सगळं मला तीन आठवड्यांनी कळलं.

दुपारची वेळ, लॅब बंद करायची तयारी चाललेली. जिन्यात कुणीतरी मधेच बसलेलं दिसलं. शमा होती. एक मजला चढताना ती पोर दोनदा बसली होती. वर आली, वस्तादांनी तिच्या हातात दिलेला तो रिपोर्ट खिशातून काढला. घड्यांवर फाटायला आलेला.

"मावशी, ह्यात लिवलंय मला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "मग मी जिना चढताना का दमतोय?" आमच्याकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतात.

"वस्तादांना सांगितलंस?"

"ते आयकत न्हाईत. अब्बांला फोन केलाय त्यांनी. ऐतवारी येणार हाईत न्यायला. कुस्ती बंद." मग जरा थांबून म्हणाली, "बंद झाली तर झाली. पर अंगचोर म्हणून शिरोळात जायचं न्हाय मला."

ती रडत नव्हती. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात मला तांबडं काहीतरी दिसलं.

"पान खाल्लंस का ग?"

"न्हाय."

"मग काय आहे ते?"

तिनं ओठ पुसला. मग खाली बघून म्हणाली, "माती."

तालमीच्या हौदातली, म्हणजे कुस्ती खेळतात त्या आखाड्यातली, माती साधी नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मऊ करतात. पावसात भिजलेल्या शेतासारखा नाही, वेगळाच वास येतो तिला. शमा रोज ती माती चिमूट चिमूट खात होती. सुटीच्या दिवसासाठी रुमालात बांधून नेत होती. "खाल्लो न्हाय तर जीव कासावीस हुतो," ती म्हणाली. "कुणाला सांगू नगा, तालमीची माती खाल्ली म्हणून मारतील."

अंगातलं लोह संपत आलेल्या माणसाला नाही नाही ते खावंसं वाटतं, हे आमच्याकडे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ. मी धावत आत गेले. डॉक्टरीणबाई निघाल्या होत्या, त्यांनी पर्स परत टेबलावर ठेवली आणि शमाला समोर बसवलं. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, "त्या दिवशी ताप होता का?"

"हुता. दोन दिस. सांगितलं असतं तर वस्ताद म्हणाले असते, सबबी सांगती."

पाळी? दर महिन्याला सात-आठ दिवस, भरपूर. कुणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

बाईंनी मला तिथंच समजावलं, म्हणजे मला पुन्हा आठवण करून दिली. अंगात ताप असला, सूज असली, किंवा आदल्या दिवशी अंग पार पिळून निघालं असलं की फेरिटिनचा आकडा फुगतो. कणगी रिकामी असली तरी भरल्यासारखी दिसते. त्यात या मुली घामातून थोडं लोह घालवतात, पळताना टाचेखाली तांबड्या पेशी फुटतात, आतड्यातून थेंब थेंब जातं, आणि महिन्याच्या महिन्याला जातं ते वेगळंच. वजनगटात बसायचं म्हणून जेवणही तोडलेलं. इकडून येणं कमी आणि चहूकडून जाणं.

शमाला दोन दिवस मेहनत बंद करून शनिवारी सकाळी उपाशी बोलावलं. चिठ्ठी मी भरली, प्रत्येक प्रश्न तिला विचारून. संध्याकाळी फेरिटिन आलं. कणगीचा तळ दिसत होता.

रविवारी तिचे वडील थेट लॅबमध्येच आले. नखात ग्रीस, हातात टोपी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले.

"दिवसभर लोकंडातच हात हाईत माजं," ते म्हणाले, "आन् पोरीच्या अंगात लोकंड न्हाय."

पोरीला ते घरी घेऊन गेले नाहीत. लॅबशेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या केल्या, जंताचं औषध दिलं, पाळीसाठी बाईडॉक्टरांकडे पाठवलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. वस्ताद एवढंच म्हणाले, "गोळी मी सोता घालीन तिला." आणि ते शब्दाला जागले. रोज न चुकता.

सहा आठवड्यांनी परत रक्त बघितलं. केसाएवढा फरक.

आता वस्ताद खरोखर चिडले. "ताई, रोज माज्या हातानं घालतोय. एक दिस चुकला न्हाय. तुमच्या गोळ्यात दम न्हाय."

"कधी घालता?"

"ठंडईबर."

मी डोळे मिटले. पहाटे मेहनत. मग आंघोळ, अंग चोळणं, आराम. मग बदाम, खसखस, बडीशेप घोटायला कुणीतरी बसणार, दुधात मिसळणार, आणि अकराच्या सुमारास वस्ताद स्वतःच्या हातानं पेला देणार. तालमीत याहून मोठी माया नाही. त्या पेल्यातून ती गोळी जात होती. पण दूध लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही, बदामही त्याची वाट अडवतात. आणि वेळ तर नेमकी वाईट. अंगमेहनतीनंतर तीन ते सहा तासांनी यकृत एक रस जास्त सोडतं, हेप्सिडिन म्हणतात त्याला. तो आतड्याच्या दाराला आतून कडी घालतो. लोह दाराशी येतं आणि तसंच पुढं निघून जातं. वस्ताद रोज बरोबर कडी लागलेल्या वेळी दार वाजवत होते.

डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. पहाटे उठल्या उठल्या, मेहनतीच्या आधी, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. ठंडई नंतर, तिच्या वेळेला. मधे चहा नाही.

वस्तादांना ते समजावणं माझ्याकडे आलं. मी रस्स्याचं नाव काढलं नाही. सरळ सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे म्या रोज पिरमानं पाजत हुतो, त्येच आडवं येत हुतं?"

"थोडंफार."

"आन् त्या आदी मेहनत वाडवली, त्येनं आनिक गेलं?"

"हो."

ते उठले आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, आता परत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीतला एकजण मला बोलवायला आला. बाहेरच्या बायका सहसा जात नाहीत तिथं, पण मी गेले. हौदाभोवती सगळी पोरं-पोरी उभी होती. वस्तादांनी शमाला पुढं बोलावलं. कपाळाला माती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला मी अंगचोर म्हणलो. ही न्हवं, मी अंगचोर. इचारायचं काम हुतं माजं, त्ये चोरलं." त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसानं पोरासोरांसमोर हे बोलणं किती अवघड असतं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. मी तिथं पाठीमागे उभी होते. विचारायचं काम तर माझंही होतं. तोंड उघडलं नाही. वस्तादांना जे जमलं ते मला जमलं नाही.

ती निवड चाचणी शमाची गेलीच. पुढच्या वर्षी ती निवडली गेली, पुढं चांगल्या कुस्त्या केल्या, आता शिरोळात लहान पोरींना शिकवते. माती खायची इच्छा तर गोळ्या लागू पडल्यावर पंधरा दिवसांतच गेली होती. तिच्या पोरी आमच्याकडे तपासणीला यायच्या तेव्हा चिठ्ठी घरूनच भरून आणायच्या, शमाच्या अक्षरात. ताप, पाळी, शेवटची मेहनत कधी केली, सगळं. मला विचारायला काही उरायचं नाही. तरी मी त्या पोरींना एकेक करून परत विचारायचे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी केक, हार, फोटो झाले आणि दुपारी शमा आली. एका दमात जिना चढून. खुर्चीत बसली, बाही वर केली.

"शेवटचं रगत माजं काढा, मावशी."

शीर मला डोळे मिटून सापडली असती. रक्त काढलं, सुई काढली, कापूस दाबला. आणि एवढी वर्षं न बोललेलं बाहेर आलं. म्हटलं, शमा, तुला एक सांगायचं राहिलं आहे. तुझा पहिला रिपोर्ट माझ्यामुळं चुकला. ताप नाही असं मी लिहिलं होतं. तुला न विचारता.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तुमी लिवताना मी बघत हुतो."

मी विचारलं, "मग परत माझ्याकडेच का आलीस ग? दुसरीकडं जायचंस."

"सुई काडल्यावर तुमी इचारलासा की, दुखलं का म्हणून. तवा मला कोणच काय इचारत न्हवतं."

एकतीस वर्षं मी तो प्रश्न तोंडपाठ म्हणत आले होते. उत्तरासाठी कधी थांबले नव्हते. शमाच्या दंडावर कापूस धरून मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी थांबले.

"तवा दुखलं हुतं," ती म्हणाली. "आता न्हाय."

रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी मी कापूस आणखी थोडा वेळ दाबून धरला.